उतूलिएमधला ‘उ’

खानापूरच्या एका वाचकाने विचारलंय : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या क्वेन्या या कल्पित भाषेत ‘तुल’ म्हणजे येणे, मग ‘आला आहे’ याचं रूप ‘उतूलिए’ कसं? पुढचा ‘उ’ कुठला? आणि धातूतल्या स्वराला ‘मूलस्वर’ म्हणावं का?

आधी दुसरा प्रश्न. ‘मूलस्वर’ नको. अ, इ, उ हे मूळ स्वर आणि ए, ओ हे संयुक्त स्वर, असं आपण शाळेत शिकलोय. उगाच घोटाळा होईल. ‘धातुस्वर’ बरा. टॉल्किनने त्याला क्वेन्यातच ‘सुंदोमा’ असं नाव दिलंय.

आता तो ‘उ’. तो बाहेरचा नाही, ‘तुल’च्या पोटातलाच आहे. हे रूप करताना धातुस्वर एकदा पुढे येऊन बसतो आणि आपल्या जागीही दीर्घ होतो : उ-तूल-इए. म्हणूनच ‘वन’ (निघून जाणे) याचं अनेकवचनी रूप ‘अवानिएर’; तिथे ‘अ’. गंमत म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५४च्या पहिल्या आवृत्तीत ते नुसतं ‘वानिएर’ छापलं होतं, ‘अ’ दुसऱ्या आवृत्तीत आला.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. शुश्रूषा (श्रु), मुमुक्षू (मुच्), बुभुक्षित (भुज्), चिकित्सा (कित्) हे शब्द आपण रोज नाही तरी अधूनमधून वापरतोच. संस्कृत व्याकरणात याला अभ्यास म्हणतात. फरक दोन. इथे स्वर एकटा येत नाही, व्यंजनाचं बोट धरून येतो. आणि अशा इच्छादर्शक रूपांत ‘उ’चा ‘उ’ राहिला तरी ‘आ’चा मात्र ‘इ’ होतो : पा-पिपासा, ज्ञा-जिज्ञासा. क्वेन्या तिथेही ‘अ’च ठेवते. (शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकायची इच्छा. आजाऱ्याच्या उशाशी ती कशी पोचली, ते पुन्हा कधीतरी.)

मराठी क्रियापदांत स्वर नुसता लांबत नाही, कूसच बदलतो : सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फिटणे-फेडणे. क्वेन्यात ‘तुल’चा ‘तोल’ होत नाही. ‘सिल’ म्हणजे चमकणे, ‘सीला’ म्हणजे चमकतो आहे. स्वर तोच, फक्त ताणलेला.

याला जवळचं उदाहरण हवं तर संस्कृतपेक्षा बेळगावच्या बाजारात मिळेल. ‘बिड्री’ (सोडा हो) हा कन्नड शब्द न ऐकता इथे कोणाचा दिवस जातो? त्यातला ‘बिडु’ म्हणजे सोडणे. स्वर लांबवला की ‘बीडु’, तळ, मुक्काम. ‘पडु’ म्हणजे भोगणे, ‘पाडु’ म्हणजे अवस्था. कन्नड व्याकरणात क्रियापदावरून नाम करायची ही जुनी रीत आहे. क्वेन्यात काळ बदलतो, इथे क्रियापदाचं नाम होतं, पण हत्यार तेच. तिसरी जोडी ‘केडु’-‘केडु’ : पहिला, ऱ्हस्व ए-कारी, म्हणजे बिघडणे, दुसरा, दीर्घ, म्हणजे हानी. आपल्या नेहमीच्या देवनागरीत ऱ्हस्व ए लिहायची सोय नाही, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतायत. शेजारच्या कन्नडिगाकडून एकदा म्हणवून घ्या.