आधी अट, मग रक्कम : शिष्यवृत्त्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

बडोद्याच्या वाचकांकडून पदव्युत्तर शिक्षण, पीएच.डी. आणि त्यापुढच्या संशोधनासाठी पैसे कुठून उभे करायचे, अशी बरीच पत्रं आली. म्हणून या अंकातलं सदर त्याच विषयाला दिलं आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती मिळतात?’ असा असतो. जाहिरात वाचताना मात्र उलट्या टोकाने वाचावी: वय, रहिवास, नोंदणीची तारीख, मग विषय आणि सर्वांत शेवटी रक्कम. अर्ज बहुतेक वेळा गुणांवर पडत नाहीत, अटींवर पडतात.

एम. एस. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएच.डी. करायची आहे, पण घरून पैसे मागता येणार नाहीत. सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थी, मांजलपूर

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेपासून. विज्ञान शाखांसाठी ही वेगळी परीक्षा असते आणि शेवटच्या वर्षात असतानाही देता येते. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत, घरभाडं वेगळं. एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं.

जेआरएफ थोडक्यात हुकली तरी निकालपत्र फेकू नका. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो आणि खालच्या दोन गटांतल्यांनाही त्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश मागता येतो. त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. पण प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

प्रवेश मिळाला पण फेलोशिप नाही, अशांसाठी गुजरात सरकारची ‘शोध’ योजना आहे: दरमहा १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये किरकोळ संशोधन खर्चासाठी, दोन वर्षं. ती पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्यांसाठीच आहे आणि दुसरी फेलोशिप चालू असताना घेता येत नाही.

तिसरी वाट म्हणजे प्राध्यापकाच्या प्रकल्पावरची जेआरएफ. तिच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात आणि अर्जाला मुदत थोडी असते. मुलाखतीत दोन गोष्टी न लाजता विचारा: प्रकल्पाचे किती महिने उरले आहेत, आणि या जागेवर राहून पीएच.डी.ची नोंदणी करता येईल का. प्रकल्प संपला की पगार संपतो, आणि दहा महिने उरलेल्या प्रकल्पावर पाच वर्षांचा संसार मांडता येत नाही.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. फेलोशिप मंजूर होणं आणि खात्यात पैसे येणं यांत महिने जातात. रुजू अहवाल, गाइडची सही, विभागाचा शिक्का, बँक खात्याची पडताळणी, यांतलं एक अडलं की पुढचं सगळं अडतं. थकबाकी नंतर एकदम मिळते, पण मेसचं बिल दर महिन्याला येतं. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच रुजू व्हा.

आम्ही मराठा, तीन पिढ्या बडोद्यात. सारथीची पीएच.डी. फेलोशिप मुलीला मिळेल का? बार्टीचं तरी काही?
– एक पालक, दांडिया बाजार

नाही. सारथी, बार्टी आणि महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्था आहेत आणि त्यांच्या फेलोशिपला महाराष्ट्राचा रहिवास लागतो. घरात मराठी बोलतो, कुलदैवत जेजुरीला आहे, याचा उपयोग नाही. नातेवाइकांच्या पत्त्यावर पुण्याचा रहिवास दाखला काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दहावी-बारावीची गुणपत्रकं गुजरात बोर्डाची असतात, पडताळणीत ते लगेच दिसतं आणि वसुली निघते ती वेगळीच.

दोन दरवाजे उघडे आहेत. पहिला केंद्राच्या योजनांचा, तिथे राज्याचा प्रश्न येत नाही. खुल्या प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढा. यूजीसी-नेटमध्ये त्यामुळे वेगळा कटऑफ लागतो. मात्र ईडब्ल्यूएसला वयात सूट नाही, आणि पदव्युत्तरला ५५ टक्क्यांची अटही तशीच राहते. अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्त जमातींतल्या वाचकांनी परदेशातल्या मास्टर्स किंवा पीएच.डी.साठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पाहावी. तिला ३५ वर्षांची वयोमर्यादा, वार्षिक ८ लाखांची उत्पन्नमर्यादा आणि आधीच्या परीक्षेत ६० टक्के गुण लागतात.

दुसरा दरवाजा गुजरातचा. बिनअनामत (म्हणजे आरक्षणाबाहेरच्या) वर्गाच्या निगमाकडून परदेशी शिक्षणासाठी ४ टक्के साध्या व्याजाने १५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. उत्पन्नाची अट इथेही आहे.

ओबीसी वाचकांनी एक खबरदारी घ्यावी. जनसेवा केंद्रातून मिळालेलं राज्याच्या नमुन्यातलं एसईबीसी (गुजरातमध्ये ओबीसींसाठीचं) प्रमाणपत्र केंद्राच्या परीक्षेला चालत नाही. जात केंद्राच्या यादीत आहे ना, हे आधी पाहा आणि केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेगळं मागा. अर्ज भरायच्या आठवड्यात ते मिळत नाही.

वय ३३, एम.ए. इतिहास, ५८ टक्के. लग्नानंतर सात वर्षं खंड पडला. आता फेलोशिपचा विचार करणं हास्यास्पद आहे का?
– एक वाचक, कारेलीबाग

अजिबात नाही, पण घाई करा. यूजीसी-नेटच्या जेआरएफला ३० वर्षांची मर्यादा असली तरी महिलांना पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे तुम्हाला ३५पर्यंत. परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय मोजायची तारीख माहितीपत्रकात दिलेली असते, तिच्याशी जन्मतारीख ताडून पाहा. एका दिवसाने संधी गेलेले लोक असतात. जेआरएफ नाही मिळाली तरी फक्त सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी वयाची मर्यादाच नाही.

तुम्ही आईवडिलांचं एकुलतं एक अपत्य असाल तर यूजीसीची सावित्रीबाई ज्योतिराव फुले फेलोशिप पाहा. तिथे मर्यादा ४० वर्षांची आहे. जुळ्या बहिणी चालतात, भाऊ असेल तर नाही. आधी पूर्णवेळ पीएच.डी.ची नोंदणी हवी, त्यामुळे क्रम असा: प्रवेश, नोंदणी, प्रतिज्ञापत्र, मग अर्ज. इतिहासासाठी आयसीएचआर (भारतीय इतिहास संशोधन परिषद) आणि सामाजिक शास्त्रांकडे झुकणाऱ्या विषयासाठी आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) याही फेलोशिप देतात.

परदेशी शिष्यवृत्तीला तीन शिफारसपत्रं मागितली आहेत. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ काय करू?
– एक विद्यार्थिनी, फतेगंज

ही तक्रार पाच पत्रांत होती. सरांचा हेतू बहुधा वाईट नसतो, त्यांना वेळ नसतो. पण तीनही पत्रं तुमच्याच हातची असली तर एकाच वळणाची होतात: तीच विशेषणं, तीच वाक्यरचना. वाचणाऱ्या समितीला ते कळतं. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना माणूस एकतर लाजतो किंवा सुटतो.

पत्र लिहून नेऊ नका, मुद्दे लिहून न्या. एका पानावर एवढंच: सरांकडे कोणता पेपर कोणत्या सत्रात केला, प्रबंधाचा विषय काय होता, तुम्ही नेमकं काय केलं (‘१२० कुटुंबांची पाहणी केली, प्रश्नावली स्वतः गुजरातीत तयार केली’ इतकं नेमकं), कुठे अडलात आणि कसं सोडवलं. सोबत बायोडेटा, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा आणि शेवटच्या तारखांची यादी जोडा. मुदतीच्या सहा आठवडे आधी द्या आणि दोन आठवडे आधी एकदा आठवण करा.

आपल्याकडच्या पत्रांत ‘आज्ञाधारक, मनमिळाऊ, वक्तशीर’ असं हटकून असतं. परदेशी निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. त्यांना तुलना हवी असते: ‘गेल्या पाच वर्षांत मी शिकवलेल्या विद्यार्थ्यांत पहिल्या तिघांत’ यासारखं एक खरं वाक्य दहा विशेषणांना भारी पडतं. तेव्हा विभागप्रमुख असूनही तुम्हाला चेहऱ्यानेच ओळखणाऱ्यांपेक्षा, प्रबंध ओळीओळीने वाचलेला तरुण सहायक प्राध्यापक चांगला.

तांत्रिक अडचण वेगळी. शिफारसीची लिंक संस्थेकडून थेट सरांच्या ईमेलवर जाते आणि अनेकदा स्पॅममध्ये पडते. काही ठिकाणी खासगी ईमेल चालत नाही, विद्यापीठाचाच पत्ता लागतो. सरांना तो उघडता येतो का, हे आधीच विचारा. कित्येकांनी त्याचा पासवर्ड कधी पाहिलेलाही नसतो.

मार्कशीटवर आडनाव पहिलं आहे, पासपोर्टवर शेवटी. अडेल का?
– एक वाचक, गोत्री

अडेल, आणि गुजरातमध्ये शिकलेल्या मराठी मुलांचं हे हमखास होतं. आडनाव-नाव-वडिलांचं नाव असा क्रम असला की परदेशी प्रणाली शेवटचा शब्द आडनाव धरते आणि वडिलांचं नाव तुमचं आडनाव होतं. प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा आणि ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पीडीएफमध्ये तयार ठेवा. स्पेलिंगच वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद घेतलेली बरी.

परदेशात मास्टर्स करायचं आहे. पूर्ण खर्च देणाऱ्या शिष्यवृत्त्या कोणत्या?
– एक वाचक, सयाजीगंज

पूर्ण खर्च म्हणजे फी, राहणं, विमा आणि विमानभाडं. तेवढं देणाऱ्या थोड्याच आहेत, आणि प्रत्येकीची एक अट बहुतेकांना बाहेर काढते. ब्रिटनची चेव्हनिंग: २,८०० तासांचा कामाचा अनुभव आणि परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहणं. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स: तीन वर्षांची पूर्णवेळ नोकरी, ठरावीक विषय. नुकतीच पदवी मिळालेल्यांसाठी युरोपची इरॅस्मस मुंडस सोयीची. तिला नोकरीची सक्ती नाही आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. अर्ज प्रत्येक अभ्यासक्रमाच्या विद्यापीठ-गटाकडे थेट करायचा असतो आणि साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत खिडक्या बंद होतात.

जे. एन. टाटा एंडोमेंट (१८९२पासून) आणि के. सी. महिंद्रा यांची नावं याच यादीत घेतली जातात. ती कर्जरूपी मदत आहे, फेडावी लागते. वाईट अजिबात नाही, पण हिशेब कर्जाच्या रकान्यात मांडा.

परत येण्याच्या अटीला वाचक फार घाबरतात. अट नवी नाही. १९१३मध्ये बडोदे संस्थानने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेही तीन वर्षांसाठी आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. आजचे करार त्यापुढे सौम्य आहेत, पण सही करण्याआधी पूर्ण वाचा. अमेरिकेत पीएच.डी. करायची असेल तर वेगळी शिष्यवृत्ती शोधण्यापेक्षा विभागाकडे थेट अर्ज करा. फीमाफी आणि असिस्टंटशिप प्रवेशासोबतच येते, आणि डिसेंबरमध्ये बहुतेक ठिकाणची मुदत संपते.

प्रबंध सादर केला आहे. पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी) आधी फेलोशिप शोधू की प्रयोगशाळा?
– एक संशोधक, प्रतापगंज

प्रयोगशाळा. यजमान प्राध्यापकाच्या होकाराशिवाय मोठ्या फेलोशिपचा अर्जच पुढे सरकत नाही. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरमध्ये असते, तेव्हा पत्रव्यवहार मार्च-एप्रिलमध्ये सुरू करा. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातली माणसं सुट्टीवर असतात.

ईमेल तीन परिच्छेदांचा पुरे: तुम्ही काय केलं, त्यांच्या कोणत्या अलीकडच्या शोधनिबंधाशी ते जुळतं, आणि दोन वर्षांत काय करायचं आहे. सोबत दोन पानांचा बायोडेटा. ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत’ असं सुरू होणारी पत्रं एकाच वेळी पन्नास जणांना गेलेली असतात, हे त्यांना माहीत असतं. दोन आठवडे थांबा, एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

तारखांचा हिशेब काटेकोर ठेवा. मेरी क्युरीसाठी पीएच.डी. होऊन आठ वर्षांहून जास्त झालेली नसावीत, आणि मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. जर्मनीच्या हुम्बोल्ट पोस्टडॉकला आणि फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉकला पीएच.डी.नंतरची चार वर्षं मोजतात. आपल्याकडे तोंडी परीक्षा आणि पदवीदान समारंभ यांत बरेच महिने जातात, म्हणून विद्यापीठाकडून पीएच.डी. अधिसूचनेची प्रत त्याच आठवड्यात घ्या. भारतात राहायचं असेल तर नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपला ३५ वर्षांची मर्यादा आहे. महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट.

निवड झाली म्हणून व्हॉट्सअ‍ॅप आलं. ‘प्रोसेसिंग फी’ ४,९९९ रुपये भरायला सांगतात.
– एक पालक, रावपुरा

भरू नका. परीक्षा शुल्क किंवा अर्ज शुल्क अर्ज करतानाच संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचं असतं. निवड झाल्यावर कुणाच्या तरी यूपीआयवर पैसे मागणारी खरी शिष्यवृत्ती नसते. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.