माल चोख, कागद कच्चा: निर्यातदारांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे बारा माग आहेत. आमचे टॉवेल आजवर मुंबईचे व्यापारी बाहेर पाठवायचे. आता परदेशातला ग्राहक थेट आमच्याकडे मागतोय. सुरुवात कुठून करू?

आयईसीपासून, म्हणजे आयात-निर्यातीच्या कोड नंबरापासून. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर पॅनच्या आधारे निघतो, फी 500 रुपये. तो निघाला की लोक फाईल कपाटात टाकतात आणि तिथंच फसतात. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन माहिती पुन्हा पक्की करावी लागते, काही बदललं नसलं तरी. नाही केली की कोड बंद पडतो आणि ते कळतं गाडी भरायच्या दिवशी.

मग बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घ्या आणि ते आईसगेट या कस्टमच्या पोर्टलवर नोंदवा. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी, म्हणजे तसं हमीपत्र, भरा. तेही त्या आर्थिक वर्षापुरतंच, 31 मार्चला संपतं. शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा अर्ज, तुमचा कस्टम एजंट भरेल, पण त्यातली माहिती तुमच्याच इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरून जाते. ही दोन कागदं मात्र स्वतः बसून करा.

प्रश्न : एलसीवर (ग्राहकाच्या बँकेनं दिलेल्या पैशाच्या हमीवर) माल पाठवला. माल उत्तम, ग्राहक खूश, तरी बँकेनं कागद परत केले. मालात खोट नसताना बँक पैसे कसे अडवते?

बँक माल बघतच नाही. एलसी ज्या यूसीपी 600 या आंतरराष्ट्रीय नियमांवर चालते त्यात हे सरळ लिहिलंय : बँकेचा व्यवहार कागदाशी, मालाशी नाही. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. एलसीत 'कॉटन टेरी टॉवेल' असेल तर तुम्ही प्रेमानं 'सोलापुरी टर्किश टॉवेल' लिहू नका.

माझाच एक किस्सा सांगतो. मी तेव्हा एका कारखान्यात कागदपत्रं बघायचो. 300 कार्टन, प्रत्येकी 10 डझन. इन्व्हॉइसवर 3,000 डझन लिहिले. पॅकिंग लिस्ट गोदामातल्या पोरानं नगात केली : 35,988 नग. गुणाकार त्याचा बरोबर होता. एका कार्टनमधून एक डझन नमुन्यासाठी काढलं होतं. त्यानं ते इमानदारीनं वजा केलं, आम्ही इन्व्हॉइसवर करायचं विसरलो. मालक म्हणाले, "एका डझनाचं काय, चालतंय की!" चाललं नाही. नवा इन्व्हॉइस, नवी सही, बँकेत पुन्हा चकरा. एलसीत वेगळं काही नसेल तर जहाजावर माल चढल्यापासून 21 दिवसांत कागद बँकेत द्यावे लागतात, त्यातले आठ यातच गेले.

तेव्हापासून माझी सवय अशी : डझन की नग हे पहिल्या दिवशी ठरवायचं आणि तेच सगळीकडे लिहायचं. एकूण वजन, निव्वळ वजन, कार्टनवरच्या खुणा यांचंही तसंच. शेवटी सगळे कागद टेबलावर शेजारी मांडायचे, एकानं आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं बोट ठेवायचं. माणसं दोनच हवीत, तिसरा आला की चहा निघतो.

प्रश्न : सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. मग सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन वेगळं कशाला?

नावं सारखी वाटतात, कामं वेगळी आहेत. जीआय हे नावाचं संरक्षण आहे, आणि ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन त्या एका खेपेपुरतं : हा माल भारतात बनला, एवढंच ते तिकडच्या कस्टमला सांगतं. करार असलेल्या देशात त्यावर ड्युटी कमी होते. यूएईशी असा करार 1 मे 2022 पासून लागू आहे. दुबईचा ग्राहक ते मागत असेल तर त्याचे पैसे वाचतात म्हणून मागतोय. भाव ठरवताना हे ध्यानात असू द्या.

जाता जाता : इन्व्हॉइसवर चादरीला 'बेडशीट' लिहिण्याआधी एजंटला विचारा. आपण ती अंगावर घेतो. एचएस कोडमध्ये (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत) ब्लँकेट 6301 मध्ये, बेड लिनन 6302 मध्ये. कोड बदलला की इकडचा ड्रॉबॅक (निर्यातीवर मिळणारा शुल्काचा परतावा) बदलतो, तिकडची ड्युटीही.

प्रश्न : सांगोल्यात डाळिंब आहे. निर्यातदार सातबारा मागतोय, द्यावा का?

युरोपला माल जाणार असेल तर अनारनेट या डाळिंब निर्यातीच्या सरकारी पोर्टलवर बागेची नोंदणी लागते, तिला सातबारा लागतो. द्या, पण प्रतीवर 'फक्त अनारनेट नोंदणीसाठी' असं आडवं लिहून सही करा. फवारणीची वही मात्र आजपासून लिहा, फळात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या तपासणीत तीच कामाला येते. फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र निर्यातदार काढेल.

प्रश्न : ग्राहक म्हणतो, आधी बिल ऑफ लेडिंग कुरियर करा, मग पैसे पाठवतो. माणूस भला वाटतो.

असेलही. पण बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याची जहाज कंपनीची पावती, ही मालाची किल्ली. मूळ प्रती बहुधा तीन निघतात आणि त्यातली कुठलीही एक दाखवली की माल सुटतो. त्याला फोटोप्रत पाठवा, मूळ प्रती बँकेमार्फत जाऊ द्या : तिकडच्या बँकेत पैसे भरले की कागद हातात. याला तो तयार नसेल तर माल अजून गोदामातच आहे, हे बरं.