२५० म्हणण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझं पोस्टफिक्सचं, म्हणजे ईमेल सर्व्हरचं, डेबियन लिनक्ससाठीचं पॅकेज काल रात्री बसून पाहिलं. बिल्ड स्वच्छ आहे, पॅकेज तपासणाऱ्या लिंटियनची तक्रार नाही, एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर आधीपासून असलेल्या मशीनवर दोघं एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत याचीही काळजी तू घेतली आहेस. मला बोलायचं आहे ते पोस्टइन्स्टमधल्या (पॅकेज बसवल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमधल्या) चार ओळींबद्दल.

त्या ओळी डेबकॉन्फकडून (बसवताना प्रश्न विचारून उत्तरं जपून ठेवणाऱ्या डेबियनच्या सोयीकडून) उत्तर घेतात, कोणकोणत्या डोमेनची पत्रं या मशीनवर उतरायची, आणि ते मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये लिहून टाकतात. पहिल्यांदा बसवताना हे ठीकच. पण सहा महिन्यांनी अ‍ॅडमिन मायडेस्टिनेशनमध्ये (तिथल्या डोमेनच्या यादीत) एक नवं डोमेन हाताने घालतो. डेबकॉन्फला त्याचा पत्ताही नसतो. पुढच्या अपग्रेडला तुझी स्क्रिप्ट जुनंच उत्तर काढते आणि त्याची ओळ पुसते.

हे मी स्वतः केलेलं आहे. एका संस्थेच्या आतल्या वापरासाठी असंच पॅकेज बनवलं होतं. अपग्रेड रात्री अकराला झालं. सर्व्हिस चालू, मॉनिटरिंग हिरवं, मी निवांत झोपलो. सकाळपर्यंत एका डोमेनवर आलेलं प्रत्येक पत्र ‘५५४, रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून, म्हणजे ‘या डोमेनची पत्रं इथे घेत नाही’ असं सांगून, परत गेलं होतं. त्यात नोकरीसाठी केलेले अर्ज होते. काहींनी पुन्हा पाठवले. बाकीच्यांनी काय समजून घेतलं असेल, हा विचार अजून जात नाही.

त्या रात्री सर्व्हर सरळ बंद पडला असता तर एकही पत्र हरवलं नसतं. समोरून उत्तरच आलं नाही, किंवा ४ ने सुरू होणारा उत्तराचा कोड, म्हणजे तात्पुरता नकार, आला, तर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दार वाजवतो. ईमेल पाठवण्याचे नियम सांगणारं मानक, आरएफसी ५३२१, म्हणतं, निदान ४-५ दिवस प्रयत्न करा. पोस्टफिक्स स्वतः ५ दिवस करतो. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे मात्र कायमचा नकार. आणि २५०, म्हणजे ‘पत्र घेतलं’, म्हटलं की पत्राची जबाबदारी आपली. म्हणून तर पोस्टफिक्स पत्र डिस्कवर पक्कं उतरल्याशिवाय २५० म्हणत नाही.

तेव्हा तुझं पॅकेज कधीतरी चुकणार हे धरून चाल, आणि ते ४ च्या बाजूला चुकेल असं बांध. मायएसक्यूएल डेटाबेसमधली टेबलं वाचण्यासाठी लागणारं पोस्टफिक्स-मायएसक्यूएल हे वेगळं पॅकेज बसवायचं राहून गेलं तर काय होतं बघ: टेबल उघडत नाही, पाठवणाऱ्याला तात्पुरती अडचण कळते, पत्रं बाहेर थांबून राहतात. पोस्टफिक्सचे मूळ लेखक वीत्से वेनेमा यांनी ३.० आवृत्तीत, २०१५ साली, कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल आणली तीही याच काळजीने. डीफॉल्ट बदलले तरी अ‍ॅडमिन स्वतः आकडा वाढवेपर्यंत जुनी वागणूक टिकते आणि लॉगमध्ये सूचना येत राहते. मूळ लेखक इतकं जपतो, तर मध्ये पॅकेज बनवणाऱ्या आपण ते मोडायचं नाही.

दुरुस्ती छोटी आहे. कॉन्फिग स्क्रिप्टमध्ये आधी पोस्टकॉन्फला (पोस्टफिक्सची सेटिंग वाचणाऱ्या आज्ञेला) सध्याचं मूल्य विचार, तेच डेबकॉन्फमध्ये भर, मग प्रश्न विचार. खरं काय ते मेन.सीएफ सांगेल, डेबकॉन्फकडे फक्त मागे कधीतरी दिलेलं उत्तर असतं. अ‍ॅडमिनने केलेले बदल अपग्रेडमध्ये टिकलेच पाहिजेत, हे डेबियन पॉलिसीतही स्पष्ट आहे.

आणि टेस्ट लिही. जुनं पॅकेज बसव, डोमेन हाताने घाल, अपग्रेड कर, मग स्वॅक्स या मेल सर्व्हर तपासण्याच्या साधनाने त्या डोमेनवर पत्र पाठव. पण लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच मशीनवरून, नको! मायनेटवर्क्समधल्या, म्हणजे विश्वासातल्या, पत्त्याला रिलेची (दुसऱ्या डोमेनचं पत्र पुढे पाठवण्याची) मुभा असते, त्यामुळे ओळ पुसली गेली तरी २५० येईल आणि टेस्ट तुझी फसवणूक करेल. वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमधून, म्हणजे त्याच मशीनवरच्या वेगळ्या नेटवर्कमधून, पाठव. तिथूनच एखाद्या परक्या डोमेनसाठीही पाठवून बघ. तिथे नकारच (५५४ किंवा ४५४) यायला हवा, नाहीतर तू ओपन रिले, म्हणजे कुणाचंही पत्र कुठेही पोचवणारा सर्व्हर, वाटतो आहेस.

आधी टेस्ट पाठव, दुरुस्ती मागाहून. आत्ताच्या पॅकेजवर ती फेल होताना मला पाहायची आहे.