घरी सही करून जेपींकडे जाऊ नका

प्रश्न : मी सिडनीत राहते. विम्याच्या दाव्यासाठी स्टॅट्युटरी डिक्लरेशन (कायद्यानुसार केलेलं लेखी सत्यकथन) हवं आहे आणि पुण्यातला फ्लॅट विकायला भावाच्या नावे मुखत्यारपत्र. दोन्हींवर घरीच सह्या करून मी लायब्ररीत बसणाऱ्या जेपींकडे (जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सह्यांना अधिकृत साक्षीदार राहणारे स्वयंसेवक) गेले, तर त्यांनी मला परत पाठवलं. शनिवारी पुन्हा जाणार आहे. काय तयारी करू?

उत्तर : ताई, तुमची खेप वाया गेली, पण त्या जेपींचं बरोबर होतं. ‘ही सही माझ्यासमोर झाली’ असं त्यांना स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं असतं. आदल्या रात्री घरी केलेल्या सहीला ते साक्षीदार कसे होणार?

आता डिक्लरेशनचा कोरा फॉर्म पुन्हा छापा. मजकूर पूर्ण भरा, रिकाम्या जागांवर रेघ मारा, सहीची आणि तारखेची जागा तेवढी सोडा. न्यू साउथ वेल्सच्या 1900 च्या ओथ्स ॲक्टप्रमाणे जेपींनी तुमचा चेहरा पाहायला हवा आणि तुम्हाला किमान 12 महिने ओळखत नसतील, तर ओळखपत्रही तपासायला हवं. म्हणून पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स मूळ स्वरूपात न्या. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि फॉर्मवर सासरचं, असं आपल्याकडे फार होतं. तसं असेल तर विवाहाचा दाखलाही बरोबर ठेवा. जाण्याआधी मजकूर शांतपणे वाचा. खोटं डिक्लरेशन हा गुन्हा आहे, आणि त्यातला शब्दन् शब्द तुमचा असतो, जेपींचा नव्हे. कायद्याचा सल्ला ते देऊ शकत नाहीत, त्यामुळे ‘इथे काय लिहू?’ हे त्यांना विचारू नका.

दाव्याला कागदांच्या प्रमाणित प्रती जोडायच्या असतील, तर मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्सची झेरॉक्स चालणार नाही. जेपी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहतात. एरवी हे लोक स्वतःचा वेळ देऊन बसतात, एक डॉलरही घेत नाहीत, तेव्हा कागद क्रमानं लावून गेलात तर मागच्या रांगेचीही सोय होईल.

मुखत्यारपत्र मात्र जेपींकडे नेऊच नका. मला खरी काळजी त्याचीच वाटते. फ्लॅटचा दस्त नोंदवताना 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 33 लागू होतं. परदेशात राहणाऱ्यानं मुखत्यारपत्र नोटरी पब्लिक, न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाचा अधिकारी अशांसमोर करायचं असतं. त्या यादीत जस्टिस ऑफ द पीस नाहीत. सिडनीत भारताचा वाणिज्य दूतावास आहे, तिथे वेळ घ्या. नोटरीकडे गेलात तर फी पडेल आणि वर अपोस्टिलही (नोटरीची सही आणि शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) करून घ्या. मसुदा आधी पुण्यातल्या वकिलाला दाखवा. आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून कुरिअरचं पाकीट हाती पडल्याची तारीख भावाला त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेवायला सांगा.