वाचकांचे प्रश्न : बॉयलर बंद, पंप मात्र चालू

प्रश्न : एका कार्यालयीन इमारतीच्या ऊर्जा सिम्युलेशनसाठी मी एनर्जीप्लस या इमारतींच्या ऊर्जावापराचे गणित करणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन बॉयलर आणि एक पंप असलेला गरम पाण्याचा लूप, म्हणजे पाणी फिरून परत येणारे वर्तुळ, मांडला आहे. बॉयलरचे इंधन उन्हाळ्यात अपेक्षेप्रमाणे शून्यावर येते, परंतु पंपाची वीज बाराही महिने जवळजवळ सारखीच दिसते आणि पाणी ठरवून दिलेल्या ८२ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. स्थिर गतीच्या पंपाऐवजी चल गतीचा पंप घेतला, तरी आकडा जेमतेम हलला. चूक कुठे शोधावी?

उत्तर : वर्षभर सारखी राहणारी वीज आणि वर चढणारे तापमान ही दोन्ही लक्षणे बहुधा एकाच नोंदीतून आली आहेत. पंपाच्या नियंत्रणाचा प्रकार ‘कंटिन्युअस’ असेल, तर उष्णतेची मागणी असो वा नसो, वेळापत्रक परवानगी देईल तोवर पंप फिरतच राहतो. पंपाची पाण्यात जाणारी ऊर्जा शेवटी उष्णतेतच बदलते. पंपाचा दाब प्रोग्रामने गृहीत धरलेला, म्हणजे सुमारे १७९ किलोपास्कल असेल, तर प्रत्येक फेरीत पाणी फार तर पाच-सहा शतांश अंशाने तापते. एवढ्याशा वाढीकडे एरवी कोणी पाहणारही नाही. पण मॉडेलमधील नळ्यांतून उष्णता बाहेर जात नाही आणि खोल्यांची हवा तापवणारे कॉइलही ती घेत नाहीत, तेव्हा हीच वाढ फेरीमागून फेरी साठत जाते आणि तापमान लूपच्या कमाल मर्यादेपर्यंत चढू शकते. नियंत्रण ‘इंटरमिटंट’ केल्यास मागणी नसताना पंप थांबेल. तरीही उन्हाळ्यातील वीज शिल्लक राहिली, तर एखाद्या खोलीचा रीहीट कॉइल, म्हणजे खोलीत जाणारी हवा पुन्हा तापवणारा कॉइल, अधूनमधून थोडीशी उष्णता मागत आहे का, ते तासागणिक तपासावे, कारण स्थिर गतीचा पंप तेवढ्याशा मागणीसाठीही पूर्ण प्रवाह देतो.

चल गतीच्या पंपाने फरक का पडला नाही, हा प्रश्न अधिक रंजक आहे. हा पंप लूपमधील घटक जेवढा प्रवाह मागतात तेवढाच देतो, त्यामुळे दोष पंपात नसून मागणाऱ्यात असू शकतो. बॉयलरचा प्रवाह प्रकार ‘कॉन्स्टंट फ्लो’ ठेवला असेल, तर तो चालू असताना आराखड्यात ठरवलेला आपला पूर्ण प्रवाह मागतो. कॉइलना जे नको ते पाणी कॉइलना वगळणाऱ्या बायपास नळीतून फिरून परत येते आणि पंपाला गती कमी करण्याची संधीच मिळत नाही. प्रत्यक्षातल्या बॉयलरला खरोखरच स्थिर प्रवाह लागत असेल, तर मॉडेलमध्येही बॉयलरकडचा प्राथमिक आणि कॉइलकडचा दुय्यम असे दोन पंप, त्यांची वर्तुळे जोडणाऱ्या कॉमन पाइपसह, दाखवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. यानंतर पंपाची किमान प्रवाहाची नोंद आणि प्रवाह कमी झाल्यावर वीज किती घटते ते सांगणाऱ्या, अंशतः भारावरील वक्राचे गुणांक पाहावेत. गृहीत गुणांकांप्रमाणे वीज प्रवाहाच्या सरळ प्रमाणात घटते, म्हणजे निम्म्या प्रवाहाला निम्मी वीज लागते. वीज प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात घटते असे सांगणाऱ्या घन नियमाने ती साडेबारा टक्केच लागली असती. प्रणालीत ठरावीक दाब राखावा लागत असल्याने खरा पंप या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. घन नियम सरसकट वापरून बचत फुगवण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा.

प्रश्न : साध्या बॉयलरच्या जागी कंडेन्सिंग बॉयलर घातला, पण इंधनाची बचत नगण्य आली. असे का?

उत्तर : नैसर्गिक वायूच्या धुरातील बाष्प द्रवरूप होऊन आपली उष्णता देण्यासाठी परतीचे पाणी साधारण ५५ अंशांखाली असावे लागते. आपला लूप ८२ अंशांवर आणि ११ अंशांच्या फरकाने आखलेला असेल, तर परतीचे पाणी ७१ अंशांचे येते आणि तेथे कंडेन्सिंग बॉयलर साध्या बॉयलरसारखाच वागतो. अॅशरे ९०.१ या इमारतींच्या ऊर्जावापराच्या अमेरिकी मानकाच्या परिशिष्ट ‘जी’मध्ये पुरवठा ८२ आणि परत ५४ अंश धरतात. हा २८ अंशांचा फरक घेतल्यास २०० किलोवॉट भाराला सेकंदाला सुमारे ४.४ लिटरऐवजी १.७ लिटर पाणी पुरते, म्हणजे पंपही लहान होतो. मात्र कॉइल त्या फरकासाठी निवडलेले हवेत. बाहेरच्या तापमानानुसार पुरवठ्याचे तापमान उतरवण्याची सोय, त्याच परिशिष्टात उणे ७ अंशांना ८२ आणि १० अंशांना ६६ अशी दिलेली, मॉडेलमध्ये आहे का तेही पाहावे. शेवटी, कार्यक्षमतेचा वक्र बॉयलरमध्ये शिरणाऱ्या पाण्याच्या तापमानाशी जोडलेला आहे की बाहेर पडणाऱ्या, हे तपासावे. तो बाहेर पडणाऱ्या पाण्याशी जोडला गेला असल्यास परतीचे पाणी कितीही थंड केले, तरी मॉडेल त्याची दखल घेणार नाही.