ईसीजी नॉर्मल आहे, तरी धडधड सुरू झाली की हार्ट अटॅकच आला असं वाटतं. सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीने, फरक पडेल का?

हो, हे पॅनिक अटॅक (अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके) असतील तर सीबीटीचा चांगला उपयोग होतो. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये यामागचं चक्र मांडलं: छाती धडधडते, 'आता मी जाणार' असा विचार येतो, त्या भीतीनं ॲड्रेनलिन वाढतं आणि धडधड दुप्पट होते. थेरपिस्ट नुसता धीर देत नाहीत. समोरच मिनिटभर जागच्या जागी पळायला लावतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात. तीच धडधड, तोच दम, आणि तरी तुम्ही धडधाकट उभे! पहिल्या वेळी फार भीती वाटते, पण मनाला पटतं ते असंच. मात्र आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. त्यांच्यातल्या बिघाडामुळेही धडधड होते, आणि तिथे सीबीटी पुरत नाही.