कमी पाण्याच्या बोअरला किती एचपीचा सोलर पंप बसवावा?

सासवडजवळ 20 गुंठे, साडेचार इंची 250 फुटी बोअर, पाणी जेमतेम, आणि दुकानदार म्हणतोय 3 एचपी घ्या. घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. बोअरचं पाणी मोजल्याशिवाय नका घेऊ.

आमचा बोअरही त्याच बाजूचा, काळ्या पाषाणातला. बोअरवाला ‘दीड इंच पाणी आहे’ (धार मोजायचं त्यांचं माप) म्हणाला होता, तेही ऑगस्टात! त्याच्या भरवशावर मी 3 एचपी सोडला. मे महिन्यात ऊन चढलं की पंप असा ओढायचा, की 15 मिनिटांत पाइप गुरगुरून हवा मारायला लागायचा. कंट्रोलर ‘ड्राय रन’ (पंप कोरडा फिरतोय) दाखवून बंद. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पॅनेलं उन्हात तापत बसलेली, टाकी अर्धी.

मग शहाणपण सुचलं. व्हॉल्व्ह आवळत आवळत तीन तास पाणी तुटणार नाही इतकी धार ठेवली आणि 200 लिटरचं पिंप लावलं. भरायला 12 मिनिटं. म्हणजे बोअरची ताकद तासाला 1000 लिटर, बास. तुम्हीही कुणाची मोटर मागून आणा, पण हे एप्रिल-मेमध्येच करा.

एवढं पाणी 200 फुटांवरून उचलायला निव्वळ 170 वॅटच्या आसपास लागतात. पंप-मोटरचा तोटा आणि ढगाळ हवा धरली तरी 1 एचपी भरपूर झाला. मी तोच बसवला. पाच-सहा तास बारीक धार चालते आणि 5000 लिटरची टाकी भरते. बॅटरीच्या भानगडीत पडू नका, साठवायचं ते पाणी.

साडेचार इंची बोअरमध्ये चार इंची पंप जातो, पण घट्ट. केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या) खाली एखादा दगड सरकला तर अडकलाच म्हणून समजा. तीन इंची मिळाला तर बघा. गाळ असेल तर तळापासून 15-20 फूट वर टांगा. स्क्रू पंप कमी पाण्याला झकास, पण कोरडा फिरला की आतलं रबर जळतं.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या सरकारी योजनेत सर्वसाधारण गटाला किमतीच्या 10 टक्केच भरावे लागतात, हे खरं. पण अडीच एकरांपर्यंत मिळतो तो 3 एचपीच. घेतलात तर व्हॉल्व्ह आवळूनच चालवा. जागा एनए (बिगरशेती) असेल तर तो विषयच नाही.

दुकानात एचपीवर बोलूच नका. पंप चालू असताना पाणी जिथवर उतरतं ती खोली, त्यात टाकीची उंची मिळवा आणि तेवढ्या उंचीला ताशी किती लिटर पडतं याचा कंपनीचा तक्ता मागा. आमच्या दुकानदाराने तक्त्याऐवजी चहा मागवला होता.